चारही चाकांना ओढ असूनही गाडी वाळूत का रुतली? (नामिबिया)

नदीकाठ (नाशिक)

नमस्कार. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी, पत्नी, चौदा वर्षांचा मुलगा आणि माझे मेहुणे असे चौघे नामिबियात पंधरा दिवस स्वतः गाडी चालवत फिरलो. तिथे वाहने आपल्यासारखीच डाव्या बाजूने चालतात, रस्त्यांवर गर्दी जवळजवळ नसते आणि विंडहुकमध्ये डिझेलवर चालणारी, चारही चाकांना ओढ देता येणारी डबल केबिन पिकअप भाड्याने सहज मिळते, त्यामुळे मला कसलीच धास्ती वाटली नव्हती. फजिती झाली ती सोसुसव्लेईच्या, म्हणजे तिथल्या प्रसिद्ध वाळूच्या टेकड्यांच्या वाटेवर.

ज्यांनी ती वाट पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. राष्ट्रीय उद्यानाच्या सेसरीम इथल्या फाटकापासून सुमारे साठ किलोमीटर उत्तम डांबरी रस्ता आहे, तो एका वाहनतळाशी संपतो आणि पुढचे जवळपास पाच किलोमीटर निव्वळ वाळू आहे. साध्या गाड्यांनी तिथेच थांबायचे आणि ने-आण करणाऱ्या उंच गाड्यांमधून पुढे जायचे, अशी व्यवस्था आहे. आमच्याकडे चारही चाकांना ओढ देणारी गाडी असल्यामुळे मी बटण फिरवून ४एच (चारही चाकांना ओढ, नेहमीच्या वेगासाठी) लावले आणि सकाळी साडेदहाच्या सुमारास पुढे निघालो. वाहनतळावरच्या एका चालकाने आमच्या टायरला बुटाची टाच मारून पाहिली आणि हवा कमी करा असे सुचवले होते, हे मला आवर्जून नमूद केले पाहिजे. हवा कमी केली तर टायर खराब होईल आणि अनामत रक्कम जाईल, या भीतीने मी ते ऐकले नाही. गाडी ताब्यात घेताना टायरमध्ये २.४ बार दाबाची हवा होती आणि तेवढीच ठेवून मी वाळूत शिरलो.

सुमारे दोन किलोमीटर गेल्यावर समोरून एक गाडी आली. तिला वाट देण्यासाठी मी चाकोरी सोडून बाजूला घेतले, वेग कमी केला, पहिला गिअर टाकला आणि तिथेच गाडी बसली. त्यानंतर मी जे केले ते बहुतेक नवखे करत असावेत: अॅक्सिलरेटर दाबला. मागची चाके जागच्या जागी फिरून खाली गेली आणि पाचेक मिनिटांत गाडीचे पोट वाळूला टेकले. मेहुण्यांनी पायाखालचे रबरी मॅट काढून चाकाखाली सरकवले, तेव्हा ते चाकाने असे काही मागे भिरकावले की दहा फुटांवर उभ्या असलेल्या मुलाच्या पायाला निसटते लागून गेले. जळक्या क्लचचा वास येऊ लागल्यावर मी इंजिन बंद केले. दीड तासाने तोच टाच मारणारा चालक रिकामी गाडी घेऊन परतत होता. त्याने आम्हाला काहीही न विचारता चारही व्हॉल्व्हची टोपणे काढली, किल्लीच्या टोकाने हवा सोडली, मुलाच्या हाती फावडे दिले आणि वाळू उपसून झाल्यावर स्वतः बसून आल्या वाटेने गाडी मागे काढली. या सगळ्याला वीस मिनिटेही लागली नाहीत.

माझे प्रश्न तीन आहेत. चारही चाकांना ओढ असताना गाडी रुतली कशी, हे मला अजून नीट उमगलेले नाही. दुसरे, गाडी परत करताना कंपनीने क्लच जळाल्याचे कारण देऊन अनामत रकमेतून मोठी कपात केली, ती योग्य आहे का? आणि तिसरे, पुढच्या वर्षी आम्हाला त्याच देशाच्या वायव्येला, काओकोलँडमध्ये जायचे आहे. एका गाडीने जाणे शहाणपणाचे ठरेल का?

मस्कतवासी

तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर त्या चालकाच्या किल्लीच्या टोकावर होते. मी अठरा वर्षे ओमानमध्ये आहे आणि शर्किया वाळवंटात, ज्याला आम्ही जुन्या सवयीने वहिबा म्हणतो, बऱ्याच आपल्या लोकांना घेऊन गेलो आहे. रुतलेल्या दहा गाड्यांपैकी नऊ गाड्यांच्या टायरमध्ये डांबरी रस्त्यावरचीच हवा असते, हे माझे अनुभवाचे बोल आहेत.

हिशेब सोपा आहे. सामान आणि माणसे धरून तुमची गाडी अंदाजे २,४०० किलोची झाली असेल, म्हणजे प्रत्येक चाकावर साधारण ६०० किलो. टायरमध्ये २.४ बार हवा असेल तर ते वजन पेलण्यासाठी जमिनीला टेकलेला टायरचा भाग ढोबळमानाने २५० चौरस सेंटिमीटर असतो. हवा १.२ बारवर आणली की तोच भाग दुप्पट, म्हणजे ५०० चौरस सेंटिमीटर होतो. टायरच्या भिंतींचा ताठरपणा यात धरलेला नाही, त्यामुळे आकडे काटेकोर नाहीत, पण गोष्ट लक्षात यावी. शिवाय हा वाढलेला भाग मुख्यतः लांबीत वाढतो. टायर रणगाड्याच्या पट्ट्यासारखा लांबट टेकतो आणि वाळू कापत खाली जाण्याऐवजी तिच्यावर चढून चालतो. फुगीर टायर आपल्यापुढे वाळूचा बांध तयार करतो आणि मग सतत तो बांध चढत राहतो. चारही चाकांना ओढ दिल्याने फार तर चारही चाके एकाच वेळी खड्डा खणू लागतात.

तुम्ही निघालात ती वेळही चुकीची होती. पहाटेची वाळू गार आणि त्यामानाने घट्ट असते. ऑक्टोबरच्या अखेरीस तिथे कडक उन्हाळा असतो आणि साडेदहापर्यंत वाळू तापून भुसभुशीत होते. तिसरी गोष्ट समोरच्या गाडीला वाट देण्याची. आधीच्या गाड्यांनी दाबून घट्ट केलेली चाकोरी सोडून मऊ वाळूत शिरताना तुम्ही वेग कमी केलात आणि शिवाय गिअरही बदललात. वाळूत क्लच दाबला की गाडी एका क्षणात ब्रेक लावल्यासारखी थांबते. अशा वेळी समोरची गाडी दिसताच, आपण अजून घट्ट जागेवर असताना, शक्य असेल तर उताराकडे तोंड करून थांबावे आणि तिला जाऊ द्यावे.

रुतल्यावरचा नियम एवढाच की चाक एकदा जागच्या जागी फिरले की पाय काढायचा. मी तर नवख्या माणसाला गाडीतून खाली उतरवतो आणि चहा प्यायला लावतो, कारण त्या पाच मिनिटांत जो उतावीळपणा होतो त्यानेच गाडी पोटावर बसते. मग चारही चाकांच्या पुढची आणि मागची वाळू उपसायची, पोटाखाली टेकलेली वाळू आडवे पडून हाताने ओढायची (हे काम कोणालाच नको असते आणि नेमके तेच राहून जाते), हवा आणखी उतरवून १ बारच्या आसपास आणायची आणि पुढे जाण्याचा हट्ट न धरता आपल्याच चाकोरीतून मागे यायचे. इतक्या कमी हवेवर स्टिअरिंग झटक्याने वळवू नये, टायर रिमवरून उतरतो. वाळूतून बाहेर पडल्यावर पुन्हा हवा भरल्याशिवाय डांबरावर वेगाने जाणे मात्र रुतण्यापेक्षा धोक्याचे आहे, कारण मऊ टायर तापतो आणि फुटतो. सेसरीमच्या पेट्रोल पंपापर्यंतचे साठ किलोमीटर तुम्ही त्या दिवशी कसे काढलेत, हे मला जाणून घ्यायला आवडेल.

पानाडी (सांगली)

माझे गॅरेज आहे, वाळवंट मी पाहिलेले नाही, पण उसाच्या हंगामात काळ्या मातीत बसलेल्या गाड्या रोज काढतो. त्यामुळे क्लचबद्दल बोलतो.

वास आला म्हणजे क्लचप्लेट घासली, यात शंका ठेवू नका. गाडी हलत नाही आणि आपण हाफ क्लचवर इंजिन रेज करतो, तेव्हा सगळी ताकद प्लेटवर उष्णता होऊन निघते. पाच मिनिटे असे केले तर नवी प्लेटसुद्धा काळी पडते. तुम्ही ४एच लावले होते, तिथे ४एल लावायला हवे होते. ४एलमध्ये गिअर बॉक्सनंतर वेगाची आणखी एक मोठी घट मिळते, त्यामुळे इंजिनावर आणि क्लचवर ताण न येता चाक सावकाश पण जास्त ताकदीने फिरते. रुतलेली गाडी काढताना तर ४एलला पर्यायच नाही.

चारही चाकांना ओढ म्हणजे चारही चाके एकसारखी ओढतात, हा समज चुकीचा आहे. पुढच्या आणि मागच्या आसाला इंजिनाची ताकद जाते हे खरे, पण प्रत्येक आसावर डिफरन्शियल (दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी दात्यांच्या चाकांची पेटी) असते आणि त्याचा स्वभाव असा की जे चाक मोकळे फिरते त्याच्याकडे तो फिरणे वळवतो. म्हणजे पुढचे एक आणि मागचे एक मोकळे सुटले की चारपैकी दोन चाके नुसती बघत बसतात. अशा पिकअपमध्ये बहुधा मागच्या डिफरन्शियलला लॉक करणारे बटण असते. ते दाबले असते तर मागची दोन्ही चाके बांधली गेली असती. तसेच घसरण थांबवणारी जी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा असते ती वाळूत बंद ठेवावी लागते, कारण चाक थोडे जरी सरकले तरी ती इंजिनाचा जोर कापते आणि नेमकी हवी तेव्हा गाडी मलूल पडते.

आता पैशांचे. क्लच, टायर, काच आणि गाडीचे पोट या चार गोष्टी भाड्याच्या गाड्यांच्या विम्यात बहुतेक वेळा नसतात, तेव्हा कपात करण्याचा हक्क त्यांना करारातून मिळालेला असण्याची शक्यता मोठी आहे. मात्र तुम्ही त्यानंतर किती दिवस ती गाडी चालवलीत? क्लच निसटत होता का? प्लेट खरोखर बदलली असेल तर जुन्या प्लेटचे छायाचित्र, गाडीचे त्या दिवशीचे किलोमीटर आणि वर्कशॉपचे बिल मागा. भाड्याच्या गाडीचा क्लच तुमच्याआधी पन्नास जणांनी वापरलेला असतो आणि साठ-सत्तर हजार किलोमीटर चाललेल्या प्लेटची पूर्ण किंमत शेवटच्या माणसाकडून घेणे रास्त नाही.

एक सूचना राहिली. कोणी टोचन करून ओढायला आले तर दोर मागच्या ट्रॉली जोडायच्या गोळ्याला बांधू देऊ नका. ताण आल्यावर तो गोळा तुटून तोफेच्या गोळ्यासारखा सुटतो आणि त्याने माणसे मेली आहेत. चासीला असलेल्या हुकालाच बांधा आणि दोराच्या रेषेत कोणालाही उभे करू नका.

नदीकाठ (नाशिक)

दोघांचेही मनापासून आभार. मस्कतवासी, त्या दिवशीचे साठ किलोमीटर आम्ही ताशी चाळीसच्या वेगाने, दिवे लुकलुकत ठेवून काढले आणि सेसरीमला हवा भरली. ती सोडणाऱ्या चालकाने जाताना बोटे दाखवून "चाळीस" असे तीनदा बजावले होते, त्याचा अर्थ आज कळला. पानाडी, त्यानंतर गाडी आम्ही नऊ दिवस आणि अंदाजे १,८०० किलोमीटर चालवली आणि घाटातही क्लच निसटल्याचे जाणवले नाही. बिल मागण्याचे मला सुचलेच नव्हते, उद्याच लिहितो.

उंबरठा

मी साडेचार वर्षे नामिबियातच, स्वाकोपमुंडजवळच्या एका युरेनियम खाणीत नोकरी केली, तेव्हा तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मी देतो. एका गाडीने काओकोलँडला जाऊ नका. ओपुवोपर्यंत आणि तिथून एपुपाच्या धबधब्यापर्यंत एक गाडी सांभाळून जाऊ शकते, पण होआनिब किंवा होआरुसिब या नद्यांच्या कोरड्या पात्रांतून जाणाऱ्या वाटा आणि व्हॅन झिल्स पास हा घाट यांसाठी किमान दोन गाड्या आणि आधी जाऊन आलेला एक माणूस हवाच. व्हॅन झिल्स पास तर फक्त पूर्वेकडून पश्चिमेकडे उतरायचा असतो. चढून परत येण्याचा मार्ग तो नाही, त्यामुळे अर्ध्यावर मन बदलले तरी उपयोग होत नाही. अनेक कंपन्यांच्या करारात या वाटांची नावे घेऊन मनाई लिहिलेली असते, ते पान आधी वाचा.

त्या नद्यांच्या पात्रात वाळूपेक्षा चिखल जास्त फसवतो. वर्षातला बहुतेक काळ पात्र कोरडे असते, पण जानेवारी ते मार्च या दिवसांत पूर्वेकडच्या डोंगरांत पाऊस पडला की तुमच्या डोक्यावर निरभ्र आकाश असताना पाणी येते. ते ओसरल्यावर वरची साय वाळून भेगाळते, आपल्याकडच्या सुकलेल्या तळ्यासारखी दिसते, आणि तिच्याखाली हातभर लगदा तसाच असतो. तिथे टायरची हवा काढून काहीही होत नाही. शंका आली की आधी पायी चालून पाहायचे, टाच रुतली तर गाडी रुतणार. पात्रात तंबू ठोकू नये ते याच कारणासाठी, आणि शिवाय ती हत्तींची रोजची वाट असते.

मस्कतवासींच्या एका मुद्द्याशी मी पूर्ण सहमत नाही. चाकोरी सोडू नये हे ओमानच्या मोठ्या चाकांच्या गाड्यांना ठीक आहे. सोसुसव्लेईच्या वाटेवर दुपारपर्यंत चाकोऱ्या इतक्या खोल होतात की भाड्याच्या पिकअपचे पोट मधल्या उंचवट्यावर घासते आणि चाके जमिनीला पुरती टेकत नाहीत. मी तिथे शेजारची कमी खोल चाकोरी पाहून आधीच तिच्यात शिरत असे. मात्र वापरात असलेल्या वाटेच्या बाहेर, कोऱ्या जमिनीवर गाडी घालण्यास उद्यानात बंदी आहे आणि ती योग्यच आहे, कारण त्या खडकाळ मैदानांवर उमटलेले चाकांचे ओरखडे कित्येक दशके टिकतात.

खरे सांगायचे तर त्या देशात मला वाळूची भीती कधी वाटली नाही, खडीच्या रस्त्यांची वाटली. सी आणि डी क्रमांकांचे बहुतेक रस्ते खडीचे आहेत, त्यांवर पन्हळी पत्र्यासारख्या वळ्या पडतात आणि गाडी ताशी ऐंशीच्या पुढे गेली की ती वळ्यांच्या माथ्यांवरून तरंगू लागते. चालकाला वाटते की रस्ता सुधारला, आणि तेवढ्यात वळण येते. परदेशी पाहुण्यांच्या गाड्या उलटतात त्या अशा, समोर कोणी नसताना. दोन स्टेपनी घ्या, कारण एका दिवसात दोनदा टायर फाटल्याचे मी अनुभवले आहे. माणशी दिवसाला पाच लिटर पाणी, फावडे, चाकाखाली घालायच्या पट्ट्या, जॅकखाली ठेवायला लाकडी फळी (नाहीतर जॅकच वाळूत जातो) आणि उपग्रहावरून संदेश पाठवणारे यंत्र, एवढे तरी बरोबर हवे. मोबाइलवर विसंबू नका. महाराष्ट्राच्या अडीचपटीहून मोठ्या त्या देशात माणसे जेमतेम तीस लाख आहेत.

गाडी बंद पडली तर तिला सोडून चालत जाऊ नका. खाणीतला माझा एक सहकारी पत्नीसह एका डी रस्त्यावर रेडिएटर फुटून अडकला होता. नकाशावर बारा किलोमीटरवर शेतघर दिसत होते आणि त्याला चालत जाण्याची फार उबळ आली होती. पत्नीने जाऊ दिले नाही. दोघे गाडीच्या सावलीत, सावली सरकेल तशी चटई सरकवत, सहा तास बसून राहिले. संध्याकाळी लॉजचा मालक शोधत आला, कारण सकाळीच फोन करून त्याला "चारपर्यंत पोहोचतो आणि अमुक रस्त्याने येतो" असे कळवलेले होते. नंतर कळले की ते शेतघर कित्येक वर्षे ओस पडलेले होते.

शेवंती

थोडे वेगळे, पण उपयोगी पडेल म्हणून लिहिते. आम्ही आइसलँडमध्ये अंतर्भागातल्या रस्त्यांवर गेलो होतो. तिथे या रस्त्यांच्या क्रमांकाआधी एफ असतो, ते साधारण जूनअखेरीस किंवा जुलैत उघडतात आणि चारही चाकांना ओढ नसलेल्या गाडीला बंदी असते. वाळूच्या जागी तिथे पूल नसलेल्या नद्या असतात. सकाळी घोट्याएवढे असलेले पाणी संध्याकाळी मांडीला लागते, कारण दिवसभर हिमनदी वितळते. इंजिनात पाणी गेले तर विमा सहसा काहीच देत नाही, त्यामुळे आम्ही लँडमनालाउगारच्या अलीकडचा ओढा पाहून गाडी तिथेच ठेवली आणि पादचारी पुलावरून चालत गेलो. ह्यांना ते फारसे आवडले नव्हते.

नदीकाठ (नाशिक)

उंबरठा, आपला प्रतिसाद मी घरात मोठ्याने वाचून दाखवला. मेहुण्यांनी काओकोलँडचा बेत लगेच दोन गाड्यांचा केला आहे आणि दुसऱ्या गाडीसाठी ते त्यांच्या नागपूरच्या मित्राच्या मागे लागले आहेत. व्हॅन झिल्स पासचा विचार आम्ही सोडला आहे. कंपनीला पत्र पाठवून पाच दिवस झाले. बिल आलेले नाही, "तपासून कळवतो" असे उत्तर मात्र आले आहे. एक छोटी शंका: हवा मोजायचे गेज इथूनच घेऊन जावे का?

मस्कतवासी

जरूर घ्या, आणि बार व पीएसआय असे दोन्ही आकडे असलेले घ्या. आपल्याकडे पंपावरचा मुलगा पस्तीस म्हणतो तेव्हा त्याला पीएसआय अभिप्रेत असते, तेच म्हणजे तुमचे २.४ बार. वाळूसाठी काटा अठरावर आणायचा. घरी अंगणात एकदा चारही टायरची हवा पस्तीसवरून अठरावर आणून, किती वेळ लागतो ते घड्याळ लावून पाहा. माझ्या किल्लीच्या टोकाने एका टायरला तीन मिनिटे लागतात, व्हॉल्व्हचा गाभाच काढणाऱ्या छोट्या हत्याराने एक मिनिटही लागत नाही. फक्त तो गाभा वाळूत पडू देऊ नका, मी एकदा पाडला आहे आणि अर्धा तास चाळणीने वाळू चाळली आहे.